गोळी लागू पडेल का, हे मेंदू आधी सांगेल?

नैराश्याच्या रुग्णाला डॉक्टर गोळी लिहून देतात आणि सांगतात, "गुण यायला चार-सहा आठवडे लागतील." सकाळी उठून दात घासायचंही ज्याच्या जिवावर येतं, त्याला हे सहा आठवडे किती लांब वाटत असतील! एवढं थांबूनही पहिल्याच औषधाने आजार पूर्ण ओसरतो तो साधारण तिघांतल्या एकाचा. अमेरिकेतल्या 'स्टार-डी' या मोठ्या अभ्यासातून २००६ मध्ये हे समोर आलं. उरलेल्यांनी औषध बदलायचं आणि पुन्हा वाट पाहायची.

ही वाट टाळता येईल का, हा प्रश्न मेंदूतज्ज्ञ हेलन मेबर्ग यांनी धरून ठेवला. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या त्यांच्या गटाने उपचार सुरू होण्याआधीच रुग्णांचे पेट स्कॅन काढले; हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. मेंदूचा जो भाग जास्त राबतो, तो ती जास्त ओढून घेतो आणि चित्रात उजळ दिसतो. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, काहींना एस्सिटालोप्राम ही गोळी आणि काहींना विचार-वर्तन उपचार, म्हणजे बोलण्यातून विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारा उपचार, असे १२ आठवडे गेले.

फरक दिसला तो उजव्या इन्सुलाच्या पुढच्या भागात. कानशिलाच्या आत, मेंदूच्या घडीत दडलेला हा भाग. छातीतली धडधड, पोटात पडणारा खड्डा, या शरीराच्या आतल्या खबरा इथे पोचतात. ज्यांचा हा भाग मंद होता, त्यांना बोलून होणाऱ्या उपचाराने बरं वाटलं, गोळीने नाही. ज्यांचा जास्त राबत होता, त्यांचं नेमकं उलट.

मला यातलं हे 'उलट' फार मोलाचं वाटतं. पुढे कोण बरं होईल एवढंच नव्हे, तर कोण कशाने बरं होईल, याचा माग इथे लागतो. अर्थात निकाल स्पष्ट लागलेले रुग्ण संख्येने चाळीसपेक्षाही कमी होते, आणि एवढ्यावर कुणाचं औषध ठरवता येत नाही. त्यामुळे आज कुणी स्कॅन काढून 'तुमची नेमकी गोळी' सांगू लागलं, तर पैसे घालवू नका.

पण महिनोन् महिने समुपदेशनाला जाऊनही ज्याला गुण येत नाही, त्याला घरचे म्हणतात, "तूच मनावर घेत नाहीस." त्यांना हे स्कॅन दाखवावेत असं मला वाटतं. अभ्यासातल्या रुग्णांनीही १२ आठवडे उपचार घेतले होते, आणि काहींच्या बाबतीत उपचारच चुकीचा वाट्याला आला होता.