लिनक्सवर सॉफ्टवेअर कुठून घ्यावे?

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अजून उत्तम चालणारे संगणक असलेले अनेकजण लिनक्स या पर्यायी कार्यप्रणालीचा विचार करू लागले. उबंटू किंवा लिनक्स मिंट ही लिनक्सची रूपे आधी पेनड्राइव्हवरून सुरू करून वायफाय, आवाज आणि प्रिंटर चालतात का, हे पाहता येते. सी-ड्राइव्ह, डी-ड्राइव्ह येथे नसतात, हेही लवकर अंगवळणी पडते.

खरी बदलावी लागते ती सॉफ्टवेअर मिळवण्याची सवय. विंडोजवर आपण बहुधा संकेतस्थळ शोधून फाइल उतरवतो आणि ती अस्सल आहे की नाही, हे आपल्याच अंदाजावर सोडतो. उबंटू आणि मिंटमध्ये मात्र हजारो पॅकेजांचे, म्हणजे बसवण्यास तयार सॉफ्टवेअर-संचांचे, एक सामाईक भांडार असते. त्या भांडाराच्या सूचीवर डिजिटल स्वाक्षरी असते आणि प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे त्याच्या आशयावरून गणिताने काढलेली खूण, त्या सूचीशी बांधलेला असतो. उतरवलेल्या पॅकेजचा हॅश ‘एपीटी’ हा प्रोग्राम स्वतः पुन्हा काढतो आणि वाटेत एखादा बिट जरी बदलला असेल, तरी ते पॅकेज नाकारतो. शिवाय अनेक प्रोग्राम एकच लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा सामाईक संच, वापरत असल्याने तिच्यातील दोष एकदा दुरुस्त झाला, की तिच्यावर विसंबलेल्या सर्वांना त्याचा लाभ मिळतो. ही व्यवस्था मला लिनक्सची सर्वांत मोलाची देणगी वाटते.

म्हणूनच बाहेरचे भांडार जोडताना थांबून विचार करावा. पॅकेज बसवताना त्यातील स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, ‘रूट’च्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, हक्काने चालतात, त्यामुळे भांडार जोडणे म्हणजे ते चालवणाऱ्याच्या हाती आपला संपूर्ण संगणक देणे होय. कुठेतरी सापडलेली ‘सुडो’ने, म्हणजे रूटचे हक्क देणाऱ्या शब्दाने, सुरू होणारी आज्ञा न समजता चालवण्यातही हाच धोका आहे.

मराठी वापरकर्त्यांनी आणखी एक काम आधीच उरकावे. इनस्क्रिप्ट कळफलक सेटिंग्जमधून जोडता येतो आणि युनिकोड या सर्वमान्य अक्षर-संकेतातील मजकूर नीट दिसतो. परंतु युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला जुना मजकूर तो फाँट नसल्यास निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. असे दस्तऐवज जुनी प्रणाली चालू असतानाच युनिकोडमध्ये रूपांतरित करावेत, म्हणजे जोडाक्षरे आणि रफार मूळ प्रतीशी ताडून पाहता येतात.