अवरक्त वर्णपटविज्ञान, रूपांतरित खडकांचे

खनिजातील रासायनिक बंध ज्या कंप्रतांना कंप पावतात त्याच कंप्रतांचे अवरक्त प्रारण (तांबड्या प्रकाशापलीकडचे अदृश्य प्रारण) शोषून घेतात. या शोषणपट्टांवरून खनिज व त्याची संरचना ओळखण्याची पद्धती. अवरक्त प्रारण विल्यम हर्शेल यांना १८०० मध्ये आढळले. खनिजांचे पद्धतशीर वर्णपट साधारणतः विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विल्यम कोब्लेंट्झ यांनी नोंदले.

अख्ख्या खडकाची पूड घेतल्यास फारसे हाती लागत नाही. पट्टिताश्म (नाइस) वा सुभाजा (शिस्ट) या रूपांतरित खडकांतील क्वॉर्ट्झ, फेल्स्पार व अभ्रक यांचे सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाचे पट्ट प्रति सेंमी. १,००० तरंगांकाच्या (तरंगांक म्हणजे एका सेंमी. लांबीत मावणाऱ्या तरंगांची संख्या; पुढील आकडेही याच एककात) आसपास एकमेकांवर चढतात. क्वॉर्ट्झची ७९८ व ७७९ ही जोडी तेवढी ठळक दिसते. संगमरवरातील कॅल्साइट (७१२) व डोलोमाइट (सु. ७२८) मात्र सहज वेगळे करता येतात.

कायनाइट, अँडॅलुसाइट व सिलिमनाइट यांचे रासायनिक सूत्र एकच आहे. त्यांतील निम्म्या ॲल्युमिनियमाभोवती अनुक्रमे सहा, पाच व चार ऑक्सिजन अणू असल्याने वर्णपट वेगवेगळे येतात. पहिल्या व तिसऱ्या खनिजाचे साठे भंडारा जिल्ह्यात आहेत.

कायनाइट, गार्नेट यांसारख्या ‘निर्जल’ खनिजांतही हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजन गट) अल्पांशाने असते; त्याचेच प्रमाण पाण्याच्या रूपात मोजतात. त्याचे पट्ट ३,७०० ते ३,२०० या टापूत येतात. पट्टाच्या क्षेत्रफळावरून पाण्याचे प्रमाण कसे काढावे, याविषयी एकमत नाही. पॅटरसन (१९८२) तसेच लिबोविट्स्की व रॉसमन (१९९७) यांनी तरंगांकावर आधारलेली सर्वसाधारण सूत्रे मांडली. पण एकाच वर्णपटावरून या दोन सूत्रांनी निघणारी प्रमाणे जुळत नाहीत. शिवाय असमदिक् स्फटिकात शोषण दिशेनुसार बदलत असल्याने ध्रुवित प्रकाशाविना घेतलेली मापने जपूनच वापरावी लागतात. यामुळे स्वतंत्र मापनाशी पडताळलेले खनिजनिहाय अंशांकन (पट्टाचे क्षेत्रफळ व पाण्याचे प्रमाण यांचा संबंध ठरविणे) अधिक ग्राह्य वाटते. कायनाइटासाठी असे अंशांकन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

पाण्याच्या या मापनासाठी पोटॅशियम ब्रोमाइडाची टिकली (या लवणात खनिजाची पूड मिसळून दाबलेली चकती) टाळावी. हे लवण हवेतील ओलावा शोषते व ३,४०० जवळ उमटलेला रुंद पट्ट खनिजाचा की टिकलीचा हे कळत नाही. दोन्ही बाजूंनी चकाकी दिलेला स्फटिकाचा पातळ काप घेणे इष्ट.

शुभ्र अभ्रकातील ॲल्युमिनियम कमी होऊन ते फेन्जाइटाकडे (ॲल्युमिनियम कमी व सिलिकॉन जास्त असलेल्या शुभ्र अभ्रकाकडे) झुकते, तसा २·२० मायक्रॉनजवळचा पट्ट दीर्घ तरंगलांबीकडे सरकतो. दूरसंवेदनात याचा उपयोग होतो. जेडाइट रत्नात भरलेले रेझीन २,८०० ते ३,००० मधील कार्बन-हायड्रोजन पट्टांवरून उघडकीस येते.