अज्ञान मुलांचे उत्पन्न आणि प्राप्तिकर

अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या अपत्याच्या नावावरील ठेवी, शेअर, घरभाडे इत्यादींचे उत्पन्न आईवडिलांपैकी एकाच्या उत्पन्नात मिळवून त्यावर कर आकारण्याची भारतीय प्राप्तिकर कायद्यातील तरतूद. १९६१ च्या अधिनियमात ती कलम ६४(१अ) मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिले. करसल्लागार याला ‘क्लबिंग’ म्हणतात.

या विषयात दोन वेगळे प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळले जातात: मुलाला मिळालेल्या रकमेवर कर लागतो का, आणि त्या रकमेच्या व्याजावर कोणी कर भरायचा. पहिल्याचे उत्तर पैसे कोणी दिले यावर ठरते, दुसऱ्याचे मुलाच्या वयावर.

आईवडिलांनी मुलाला दिलेल्या रकमेवर, ती कितीही असो, कर नाही. १९५८ च्या दानकर अधिनियमानुसार देणाऱ्याला कर भरावा लागे. १ ऑक्टोबर १९९८ पासूनच्या देणग्यांवर तो उरला नाही. २००४ पासून उलट बाजूने, म्हणजे घेणाऱ्यावर कर आला. वर्षभरात मिळालेल्या भेटींची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली की वरच्या भागावर नव्हे, सगळ्याच रकमेवर कर लागतो. यातून नातेवाईक वगळले आहेत, पण कोण नातेवाईक हे कायदा ठरवतो. आजी-आजोबा, सख्खी भावंडे, काका, आत्या, मामा, मावशी आणि त्यांचे पती किंवा पत्नी यादीत आहेत. चुलत, मामे, मावस भावंडे नाहीत. त्यामुळे नोकरीला लागलेल्या थोरल्या चुलतभावाने धाकट्याला लॅपटॉपसाठी ६०,००० रुपये दिले, तर ती करपात्र भेट होते. लग्नातला आहेर करमुक्त आहे, पण ज्याचे लग्न त्याच्यापुरताच. बारसे, मुंज, वाढदिवस यांना ही सूट नाही. तिथे मित्रमंडळींची पाकिटे ५०,००० च्या हिशेबात धरायची. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम एका प्रसंगी रोख घेण्याला तर नातेवाइकांकडूनही बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच. तेव्हा मोठी रक्कम बँकेतूनच द्यावी.

आता व्याज. ते मुलाच्या खात्यात जमा झाले तरी, ज्या पालकाचे स्वतःचे उत्पन्न अधिक त्याच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. विवाह संपुष्टात आला असेल, तर मुलाचा सांभाळ करणाऱ्या पालकाच्या. एकदा एका पालकाकडे धरलेले उत्पन्न पुढच्या वर्षी सोयीप्रमाणे दुसऱ्याकडे नेता येत नाही. त्यासाठी अधिकाऱ्याला, म्हणणे ऐकून घेतल्यावर, तसे आवश्यक वाटावे लागते. सावत्र आणि दत्तक मुलेही यात येतात. दोन्ही पालक हयात नसतील तर क्लबिंग होत नाही. पालनकर्त्याने मुलाचे विवरणपत्र वेगळे भरायचे. आजोबांच्या उत्पन्नात ते मिळवायचे नाही.

नियम इतका व्यापक नेहमीच नव्हता. १९३७ मध्ये जुन्या १९२२ च्या कायद्यात घातलेली तरतूद पतीने किंवा वडिलांनी स्वतःची मालमत्ता दिली असेल, किंवा पत्नी वा मुले त्याच्याच भागीदारी संस्थेत असतील, एवढ्यापुरतीच होती. तिच्यातील भागीदारीच्या भागाला अकोल्यातील एका प्रकरणात आव्हान दिले गेले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. काका-मामांनी दिलेल्या ठेवीचे व्याज मात्र मुलाचेच राहत असे, आणि सधन घरांत मुलागणिक करमुक्त मर्यादेचा लाभ घेता येई. ही वाट १९९२ च्या वित्त अधिनियमाने, करसुधारणांसाठी नेमलेल्या चेलय्या समितीच्या शिफारशीनंतर, बंद केली. पैसा कोणाचा हा प्रश्नच कायद्याने सोडून दिला. ब्रिटनमध्ये तो आजही विचारला जातो: पालकाने दिलेल्या पैशावर मुलाला वर्षाला १०० पौंडांहून अधिक उत्पन्न झाले तरच ते पालकाचे धरतात, आजी-आजोबांच्या पैशाला हा नियम नाही. लंडनला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला म्हणूनच इथला नियम विचित्र वाटू शकतो.

अपवाद मोजके आहेत. कायद्यातील व्याख्येप्रमाणे दिव्यांग असलेल्या मुलाचे उत्पन्न त्याचेच राहते. अंगमेहनतीची कमाई, तसेच कौशल्य, प्रतिभा किंवा विशेष ज्ञानाच्या जोरावर मिळवलेली कमाईही. मालिकेत काम करणाऱ्या बालकलाकाराचे मानधन त्याच्या स्वतःच्या विवरणपत्रात जाते. पण तेच मानधन मुदत ठेवीत ठेवले की ठेवीचे व्याज पुन्हा पालकाकडे.

करदात्याला निवडता येणाऱ्या दोन करप्रणालींपैकी जुन्या प्रणालीत दर मुलामागे वर्षाला १,५०० रुपयांची सूट आहे. नव्या प्रणालीत तीही नाही. आजच्या व्याजदरांपुढे ती नावापुरतीच म्हणावी लागेल. खरा फटका नव्या प्रणालीत १२ लाखांच्या काठावर बसतो, कारण तिथपर्यंत विशेष सवलतीमुळे कर शून्य असतो. २०२५-२६ च्या दरांनी, आईचे करपात्र उत्पन्न ११,९०,००० रुपये असेल आणि मुलाच्या पाच लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी ३५,००० रुपये व्याज आले, तर एकूण १२,२५,००० होते. सीमान्त सवलत (१२ लाखांवर जेवढे उत्पन्न, त्याहून अधिक कर न लावण्याची) धरूनही २५,००० रुपये कर आणि त्यावर उपकर मिळून २६,००० रुपये द्यावे लागतात. मुलाच्या व्याजातले उरले ९,०००.

बँकेने मुलाच्या पॅनवर टीडीएस (व्याज देतानाच कापला जाणारा कर) कापला, तर त्याचे श्रेय पालकाला मिळण्यासाठी बँकेला तसे लेखी कळवावे लागते. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये दहा वर्षांवरील मुलांना स्वतः खाते चालवण्याची मुभा बँकांवर सोपवली, त्याने कराच्या बाजूला काही फरक पडला नाही.

ज्यांचे व्याजच करमुक्त आहे त्या योजनांत हा प्रश्न उद्भवत नाही. दहा वर्षांखालील मुलीसाठी २०१५ मध्ये सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना त्यांपैकी एक. तिच्यात वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात. मुलाच्या नावाचे पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खातेही चालते, मात्र तिथे दीड लाखाची मर्यादा पालकाचे स्वतःचे खाते धरून आहे. वाढ पर्यायातील, म्हणजे नफा न वाटता फंडातच ठेवणाऱ्या, म्युच्युअल फंडात युनिट विकेपर्यंत उत्पन्नच होत नाही. ते अठराव्या वर्षानंतर विकले तर नफा मुलाचा आणि करही त्याचा.

अठरा पूर्ण होतात त्या दिवसापासूनचे उत्पन्न मुलाचे. त्याआधीचे त्याच वर्षात पालकाकडे. सज्ञान मुलाला किंवा मुलीला दिलेल्या पैशाचे व्याज देणाऱ्याकडे परत येत नाही. सुनेला दिलेल्या पैशाचे मात्र सासू-सासऱ्यांच्या उत्पन्नात मिळवले जाते. जावयासाठी तशी तरतूद नाही.