चुंबकाला न चिकटणारा कॅन उडी का मारतो?

उद्यानातल्या रंगीत कचरापेट्यांपाशी हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "कुठेही टाका हो, पुढे यंत्रं करतात सगळं वेगळं." हे अर्धं खरं आहे. यंत्रं वेगळं करतात, पण आपण कचरा ज्या अवस्थेत टाकला असेल त्यावर त्यांचं यश अवलंबून असतं.

कागद आणि काचेचं पुन्हा कधी तरी पाहू. आज शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा कॅन. खनिजापासून ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण ५ टक्क्यांत ते जुन्या कॅनपासून मिळतं. पण ॲल्युमिनियम तर चुंबकाला चिकटत नाही. मग कचऱ्याच्या ढिगातून ते निवडायचं कसं?

आधी साध्या चुंबकाने लोखंड काढून घेतात. उरलेला माल सरकत्या पट्ट्यावरून पुढे जातो. पट्ट्याच्या टोकाशी, रोलरच्या आत, एक ड्रम मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्या घेत असतो. त्यावर उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे आळीपाळीने शक्तिशाली चुंबक बसवलेले असतात. वरून जाणाऱ्या कॅनच्या दृष्टीने चुंबकीय क्षेत्र सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट होतं. क्षेत्र बदललं की वाहकात वीज खेळते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. कॅनच्या पत्र्यात भोवऱ्यासारखे गोल प्रवाह उठतात. १८३४ च्या लेन्झच्या नियमाप्रमाणे ते मूळ बदलाला विरोध करतात, म्हणजे कॅन स्वतःच घडीभर चुंबक होतो आणि ड्रमपासून दूर ढकलला जातो. प्लॅस्टिक मुकाट खाली पडतं, कॅन पुढे उडी मारून आडव्या पत्र्यापलीकडच्या खणात जातो. पहिल्यांदा पाहताना जादूच वाटते!

तांबं तर ॲल्युमिनियमपेक्षा चांगलं वाहक, मग ते जास्त उडायला हवं ना? नाही. ढकलणारं बल वाहकतेवर ठरतं आणि त्या ढकलण्याला दाद किती मिळेल हे वस्तुमानावर, म्हणून पाहायचं ते वाहकता भागिले घनता. तांब्याची वाहकता सुमारे दीडपट, पण घनता तिपटीहून अधिक. त्यामुळे या गुणोत्तरात ॲल्युमिनियम तांब्याच्या दुपटीने पुढे आहे, आणि शिशाच्या तर तीसपटीने.

(चुंबकाचं कडं घालून सांधेदुखी घालवणाऱ्यांसाठी: इथे काम करतं ते बदलणारं क्षेत्र. मनगटावर निवांत बसलेल्या चुंबकाने दुखणं बरं होतं याचा भरवशाचा पुरावा नाही.)

आता उद्यानातल्या बाकावर कॅन घेऊन बसलेल्या आपल्याकडे येऊ. रिकामा कॅन जेमतेम १५ ग्रॅमचा. त्यात ६० मिलिलिटर पेय राहिलं, किंवा कुणी त्यात भिजका टिश्यू आणि फळाची साल कोंबली, की वजन ७५ ग्रॅमपर्यंत जातं. ॲल्युमिनियम तेवढंच, म्हणून बलही तेवढंच. पण त्वरण पाचव्या हिश्शावर येतं, उडी तोकडी पडते आणि कॅन प्लॅस्टिकच्या खणात जातो. कॅन उलटा करून झटकायला दोन सेकंद लागतात, आणि पेटीवर एखादा 'हुशार' सेन्सर असला तरी त्याला हे झटकणं जमत नाही.

वेफर्सच्या चकचकीत पाकिटाचं काय? त्यातला धातूचा थर इतका पातळ असतो की हा ड्रम त्याची दखलही घेत नाही. पाकीट मुठीत चुरगाळून सोडा. ते पुन्हा उलगडलं, तर ते मुळात प्लॅस्टिकच आहे. त्याला कॅनच्या पेटीत जागा नाही.