खानापूर-बेळगावच्या घरांतील छऱ्याच्या बंदुका : पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे खानापूर, नंदगड, जांबोटी, कणकुंबी या भागात आणि सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यात, जुन्या पाटील-देसाई-इनामदार घरांच्या माजघरात आजही एखादी दुनळी बंदूक जपून ठेवलेली आढळते. तिच्यातून शेवटचा बार कधी निघाला हे घरच्या कर्त्या माणसालाही नेमके सांगता येत नाही. तरी खंडेनवमीला ती बाहेर निघते, पुसली जाते, कोयता आणि कुऱ्हाडीच्या शेजारी पाटावर मांडून तिला हळदकुंकू वाहिले जाते. निवडणूक जाहीर झाली, परवान्याची मुदत संपत आली किंवा परवानाधारक वारला, की त्याच घरात एक प्रश्न उभा राहतो : बंदूक ठेवायची की कायमची जमा करून मोकळे व्हायचे? ती घरात कशी आली, तिचे काम काय होते आणि ते कसे सुटत गेले, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

कंपनी सरकारचा अंमल घट्ट होण्यापूर्वी या मुलखात शस्त्र बाळगणे ही परवान्याची बाब नव्हती. गढीची आणि गावची राखण, जत्रेतला मान, रानालगतच्या शेतातला पहारा या साऱ्यांत तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीने उडणारी बंदूक असे. कित्तूर संस्थानात शेतसनदी शिपाई जमीन कसून तिच्या बदल्यात चाकरी करत. संगोळ्ळी रायण्णा याच शेतसनदींपैकी होता आणि १८२४च्या कित्तूरच्या लढ्यानंतर खानापूरच्या रानांचा आसरा घेऊन त्याने इंग्रजांशी झुंज दिली. २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला नंदगडला फाशी देण्यात आले. १८५७मध्ये शस्त्रे नोंदवण्याचा आणि सरकारजमा करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी तो धुडकावला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फौज येऊन गाव जाळले गेले आणि पुढे अनेकांना फासावर चढवण्यात आले. पाठोपाठ १८५८मध्ये नरगुंदचे संस्थानिक नरगुंदकर भावे यांचा उठाव झाला. त्यामागे दत्तक नामंजूर झाल्याची सल मोठी होती, आणि त्याची अखेर बेळगावच्या फाशीने झाली. या भागातील जुन्या घरांत शस्त्र हिरावले जाण्याची जी भीती अजून बोलण्यातून डोकावते, तिचे मूळ मला या दोन वर्षांत दिसते.

१८७८च्या शस्त्र कायद्याने ही व्यवस्था कायम केली. ज्याच्याजवळ परवाना तोच बंदूकधारी, आणि परवाना कोणाला द्यायचा हे ठरवणार सरकार. त्यामुळे पाटलाच्या, देसायाच्या किंवा सरकारदरबारी वजन असलेल्या माणसाच्या घरी बंदूक असणे हा प्रतिष्ठेचा भाग झाला. त्यातच मुलूख तुकड्या-तुकड्यांचा होता. बेळगाव शहर ब्रिटिश हद्दीत, तर त्याला चिकटलेले शहापूर सांगली संस्थानात. घाटाच्या अंगाला कोल्हापूर आणि सावंतवाडी, पूर्वेला रामदुर्ग, जमखंडी, मुधोळ. शिकारीचा माग काढत निघालेला माणूस एका दिवसात दोन अंमल ओलांडू शके.

याच काळात बंदूकही बदलली. तोड्याच्या आणि चकमकीच्या बंदुकीनंतर केपाची, म्हणजे घोड्याच्या आघाताने फुटणाऱ्या छोट्या टोपीने पेटणारी बंदूक आली. तिची दारू, चिंधी आणि छरे गजाने नळीच्या तोंडातून ठासावे लागत, म्हणून लोक तिला ठासणीची म्हणत आणि आजही म्हणतात. त्यानंतर मागून काडतूस भरायची, बिजागरीवर मोडणारी, म्हणजे नळी खाली झुकवून उघडणारी बंदूक आली. आधी बाहेर घोडे, म्हणजे आघात करून बार उडवणारे हातोडे असलेली, मग घोडे आत दडवलेली. १८७५मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातील अॅन्सन आणि डीली यांनी घोडे आत बसवणारी जी सुटसुटीत रचना केली, तिचीच नक्कल पुढे जगभर झाली. आपल्याकडच्या घरांत सापडणाऱ्या बंदुका साधारणपणे बर्मिंगहॅमच्या, बेल्जियममधील लिएज शहराच्या किंवा अलीकडच्या काळातल्या देशी बनावटीच्या असतात. लिएजच्या बंदुकीच्या नळीखाली लंबगोलात ‘ई-एल-जी’ ही अक्षरे कोरलेली असतात, आणि बेल्जियमची बंदूक ओळखण्याची ती सर्वांत सोपी खूण आहे. बेळगाव लष्करी छावणीचे गाव असल्याने मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडून बंदूक विकत घेतल्याच्या आठवणीही इथल्या घरांत सांगितल्या जातात.

बहुतेक बंदुका बारा बोअरच्या. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. या भागातल्या गरजेला ही बंदूक पुरी पडे, कारण काडतूस बदलले की तीच बंदूक सशाला, रानकोंबड्याला आणि रानडुकरालाही चालत असे. बारीक छऱ्याचे काडतूस वेगळे, ‘एलजी’, ‘एसजी’ ही जाड छऱ्याची वेगळी.

तिचे खरे काम राखणीचे होते. पावसाळ्याच्या अखेरीस भात पोटरीला आले की रानडुकरे एका रात्रीत शेत लोळवून जात, आणि माळ्यावर बसून रात्र जागवणाऱ्याच्या हाती बंदूक असली तर आजूबाजूच्या शेतकऱ्यांनाही धीर येई. हाक्याची शिकार हा सगळ्या गावाचा उद्योग होता. हाकारे रान उठवत, बंदूकवाले वाटा धरून बसत, कुत्र्यांवर दुसऱ्यांची नजर असे आणि मिळालेल्या मांसाची वाटणी ठरलेल्या रिवाजाने होई. बंदुकीचा वाटा वेगळा काढला जाई, मग ती चालवणारा कोणीही असो. घरोघरच्या आठवणींत बंदूक एखाद्या माणसासारखी येते ती या वाट्यामुळे, असे मला वाटते.

मात्र आठवणीत गाळले जाते तेही नोंदवायला हवे. जीप आणि बॅटऱ्या आल्यावर रात्री प्रकाशझोतात जनावर दिपवून मारणे सोपे झाले. त्या शिकारीत ना माग काढण्याचे कसब होते ना हाक्याचा धोका. १९१२च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने आणि १९५१च्या मुंबई राज्याच्या कायद्याने शिकारीवर बंधने घातली होती, पण रान पुरते पोखरले जाईपर्यंत ती कागदावर राहिली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आरंभी काही जनावरांच्या शिकारीसाठी परवान्याची सोय होती. १९९१च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि छंदाची शिकार कायद्याने संपली. ती संपली हे योग्यच झाले. ज्या घरात बंदुकीचा मान आहे त्या घरानेच हे सर्वांत आधी म्हणायला हवे, कारण रानात काय उरले नव्हते ते त्यांनीच डोळ्यांनी पाहिले होते.

मधल्या काळात राज्यच बदलले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. १९७३मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले, २०१४मध्ये बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. जुन्या परवान्याचे पुस्तक चाळताना हा सारा इतिहास शिक्क्यांवरून वाचता येतो : आधी इंग्रजी मजकूर, मग मुंबई राज्य, मग म्हैसूर, आणि पुढच्या पानांवर कन्नड. परवान्याला क्षेत्राची मर्यादा असते, ही बाब सीमाभागात फार महत्त्वाची आहे. सख्ख्या भावांपैकी एकाचे घर चंदगडला आणि दुसऱ्याचे खानापूरला असेल, तर एकाच्या नावावरची बंदूक त्या क्षेत्राची नोंद असल्याशिवाय दुसऱ्याच्या घरी नेता येत नाही, मग वाट दोन-तीन कोसांची का असेना. त्याच कर्नाटकातील कोडगूमध्ये कोडव समाजाला १८६१पासून परवान्यातून सवलत आहे आणि ती २०२९पर्यंत वाढवण्यात आली आहे. बेळगावच्या मराठी घरांना अशी सवलत कधीच नव्हती.

जतनाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण निष्काळजीपणाने गेलेल्या बंदुका मी जास्त पाहिल्या आहेत. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात नळीचा पहिला शत्रू ओल. कातडी म्यानात ठेवलेली बंदूक सुरक्षित वाटते, पण कातडे ओल धरून ठेवते आणि म्यान पोलादाला जिथे टेकते तिथेच गंज बसतो. पावसाळ्यात बंदूक म्यानाबाहेर, कोरड्या आणि कुलूपबंद कपाटात, तेलाचा अगदी पातळ हात देऊन ठेवावी. तेल जास्त झाले तर ते उतरून दस्त्याच्या लाकडात मुरते आणि बंदुकीच्या कुलपाजवळचे, म्हणजे घोड्याच्या यंत्रणेजवळचे लाकूड काळे व मऊ पडते. नळ्या वेगळ्या करून तोंड खाली येईल अशा ठेवल्या तर हे टळते.

काळ्या दारूचा बार काढल्यानंतर नळीत जे क्षार उरतात ते हवेतली ओल ओढून घेतात आणि तेलाने निघत नाहीत. म्हणून जुनी माणसे आधी उकळते पाणी ओतत, मग पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढून काढायच्या दोरीला, चिंधी बांधून नळी कोरडी करत आणि शेवटी तेल लावत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. तिथून निवृत्त झालेले जवान गावोगाव आहेत आणि पुलथ्रू ओढण्याची शिस्त अनेक घरांत त्यांच्याकडूनच आली. दस्ता अक्रोडाचा असेल तर त्याला जवसाचे तेल तळहाताने चोळावे, पॉलिश लावू नये. दस्त्याच्या मानेवरची चौकटीची नक्षी ज्या जागी आजोबांचा अंगठा पडे तिथे गुळगुळीत झालेली असते, आणि ती पुन्हा कोरून घेण्याचा मोह टाळावा.

हाती धरल्यावर पहिले काम एकच : बंदूक मोडून रिकामी असल्याची खात्री करणे, आणि लगेच नळीतून उजेडाकडे पाहणे. कुंभारीण माशी नळीच्या तोंडात मातीचे घर बांधते आणि ते बाहेरून मुळीच दिसत नाही. नळी अशी बुजलेली असताना बार काढला तर ती फाटते. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरमध्ये गेले तर ते पुढे सरकून अडकते. नळी मोकळी समजून मागे बाराचे भरले, की अपघात ठरलेला. रिकामा घोडा पुनःपुन्हा पाडू नये, आतली सुई तुटते.

सर्वांत मोठी जोखीम नळीच्या जातीत आहे. एकोणिसाव्या शतकातील अनेक नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून आणि ठोकून केलेल्या असतात. नीट पाहिले तर अंगावर नागमोडी रेषा दिसतात. त्या फार देखण्या असतात, पण त्या काळ्या दारूसाठी होत्या, आणि आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब त्या सोसतीलच असे नाही. नळीखाली ‘नायट्रो प्रूफ’ची, म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी नळी तपासल्याची खूण आहे की नाही हे म्हणूनच आधी पाहावे. दुसरी बाब काडतुसाच्या लांबीची. जुन्या इंग्रजी बंदुकांत काडतूस बसायचे घर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे असते. ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात बसते, मात्र बार होताना त्याचे तोंड पुरते उघडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. अशी शंका असलेली बंदूक परवानाधारक कारागिराला दाखवल्याशिवाय वापरूच नये. ती पाहण्यासाठी आणि जपण्यासाठी आहे असे मानण्यात काही कमीपणा नाही. १९८०च्या दशकात सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करणे बंद झाल्यापासून तिच्या तोडीची दुसरी सहज मिळतही नाही.

आता कायद्याची आजची स्थिती. १९५९चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२पासून लागू झाला. त्यात किमान वीस इंची नळीची छऱ्याची बंदूक राखणीसाठी आणि ठासणीची बंदूक पीक संरक्षणासाठी देण्याची स्पष्ट तरतूद आहे. पीक संरक्षण म्हणजे जनावर मारण्याची मोकळीक नव्हे. त्यासाठी वन्यजीव कायद्याखाली अधिकाऱ्याची वेगळी परवानगी लागते. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य डिसेंबर २०११मध्ये जाहीर झाले, आणि अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन विभागाकडे आपली नोंद करावी असे वन्यजीव कायद्याचे ३४वे कलम सांगते. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. बंदूक देताना तेल लावून, कापडात गुंडाळून, तिच्या स्थितीची नोंद पावतीवर करून घ्यावी, कारण गंजून परत आलेल्या बंदुकीची तक्रार नंतर कोणी ऐकत नाही.

२०१९च्या दुरुस्तीने एका माणसाजवळच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि वारशाने आलेल्या बंदुकाही त्यातच मोजल्या जातात. परवान्याची मुदत मात्र तीनऐवजी पाच वर्षे झाली. ज्या घरांत आजोबांची दुनळी, चुलत्याची एकनळी आणि पणजोबांची ठासणीची अशा तिन्ही एकाच नावावर होत्या, त्यांना एकीचा त्याग करावा लागला. २०१६च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याजवळ पंचवीस वर्षे राहिली, की तो हयात असतानाच वारसाच्या नावे अर्ज करता येतो. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. एरवी परवानाधारक वारल्यावर बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावी लागते, इतर वारसांचे नाहरकतपत्र गोळा करावे लागते, आणि भाऊबंदकीत एकाने जरी सही अडवली तरी बंदूक वर्षानुवर्षे ठाण्यात पडून राहते. ज्यांच्या घरी वडील सत्तरीच्या पुढे आहेत त्यांनी परवान्याचे पुस्तक, बंदुकीचा क्रमांक आणि राष्ट्रीय नोंदणीतला ओळख क्रमांक जुळतात की नाही हे याच वर्षी तपासून घ्यावे आणि अर्ज वडिलांच्या सहीनेच करावा.