220 आणि 284 : बगदाद ते तब्रीझ

मध्ययुगीन इस्लामी गणित म्हटले की दोनच गोष्टी आठवतात: भारतीय अंकांचा पश्चिमेकडचा प्रवास आणि बीजगणित. संख्यासिद्धांतातले तिथले काम या ओळखीमागे झाकले गेले. ते किती स्वतंत्र होते हे मित्रसंख्यांवरून चांगले कळते.

220 ला निःशेष भागणाऱ्या, खुद्द 220 सोडून बाकी सगळ्या संख्यांची बेरीज 284 येते. 284 च्या बाबतीत तेच केले की 220. अशा जोडीला मित्रसंख्या म्हणतात. ही जोडी ग्रीकांना ठाऊक होती, पायथागोरसच्या नावावर सांगितली जाई. दुसरी जोडी कशी शोधायची, हे मात्र त्यांनी सांगितलेले नाही. युक्लिडने परिपूर्ण संख्यांचा (ज्यांच्या विभाजकांची अशी बेरीज त्या संख्येइतकीच येते) नियम दिला आणि तिथेच थांबला.

पुढचे पाऊल नवव्या शतकात साबित इब्न कुर्रा याने टाकले. हा मूळचा हर्रानचा, ग्रहताऱ्यांना भजणाऱ्या साबियन पंथातला. म्हणजे मुसलमान नव्हेच. ‘इस्लामी’ हे इथे धर्माचे नव्हे, संस्कृतीचे विशेषण. बगदादमध्ये त्याने ग्रीक ग्रंथ अरबीत आणले, आणि त्या ग्रंथांत जे राहून गेले होते त्याकडे त्याचे लक्ष गेले.

त्याचा नियम शाळकरी मुलालाही करून पाहता येतो. 3 ची दुप्पट करत जा: 6, 12, 24, 48. शेजारच्या दोन घ्या, समजा 6 आणि 12. प्रत्येकीतून 1 वजा केला की 5 आणि 11. 6 आणि 12 च्या गुणाकारातून 1 वजा केला की 71. तिन्ही मूळ संख्या निघाल्या तर काम झाले. 12 चा तिसरा हिस्सा 4; मग 4 × 5 × 11 = 220 आणि 4 × 71 = 284. 12 आणि 24 घेतल्यास 287 येतात, म्हणजे 7 × 41, आणि गाडी अडते. 24 आणि 48 मात्र जमतात: 23, 47, 1151. त्यातून 17296 आणि 18416 ही जोडी मिळते.

साबितने हे युक्लिडच्या पद्धतीने सिद्धही केले. पण माझ्या मते खरी झेप चारशे वर्षांनंतरची आहे. इंद्रधनुष्याच्या उपपत्तीसाठी ओळखला जाणारा तब्रीझचा कमालुद्दीन अल्-फारिसी (मृत्यू सुमारे 1319) याने याच नियमाची नवी सिद्धता मांडली. त्यासाठी त्याने आधी संख्येचे मूळ अवयव कसे पडतात आणि त्यांवरून सगळे विभाजक कसे मोजायचे, याचाच पद्धतशीर विचार केला. 17296 ची जोडीही त्याच्याकडे आहे. त्याच सुमारास मराकेशच्या इब्न अल्-बन्नाकडेही ती सापडते. युरोपात ती 1636 मध्ये फ्रेंच गणिती फर्माने पुन्हा शोधली आणि पाठ्यपुस्तकांत त्याचेच नाव बसले.

विद्वानांबाहेरही या आकड्यांची चलती होती. प्रेम जुळवणाऱ्या ताइतांवर 220 आणि 284 लिहीत, असे इतिहासकार इब्न खल्दून नोंदवतो.

दहाव्या-अकराव्या शतकातल्या इब्न अल्-हैसमच्या बाबतीतही नाव असेच दुसऱ्याचे बसले. 2 ते 6 पैकी कशानेही भागले तरी बाकी 1 उरेल आणि 7 ने निःशेष भाग जाईल अशी संख्या त्याने शोधली: 1 ते 6 चा गुणाकार अधिक 1, म्हणजे 721. यामागचे मूळ संख्यांचे तत्त्व (मूळ संख्येच्या आधीच्या सगळ्या संख्यांच्या गुणाकारात 1 मिळवला की तिने निःशेष भाग जातो) आज विल्सनच्या नावाने शिकवतात. त्याची छापील सिद्धता लाग्रांजने 1771 च्या सुमारास दिली.

साबितच्या नियमातून आजवर तीनच जोड्या निघाल्या आहेत. तिसरी, 9363584 आणि 9437056, देकार्तच्या नावे प्रसिद्ध असली तरी सतराव्या शतकातल्या इराणच्या मुहम्मद बाकिर यझदीकडेही ती आहे. नियमाच्या चौकटीबाहेर जाऊन डझनावारी जोड्या काढल्या त्या अठराव्या शतकात ऑयलरने.