2147483647 : हा आकडा एवढा गाजला कसा

दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. 2 चा 31 वा घात, वजा 1. ही मूळ संख्या आहे असं आधी नुसतं म्हटलं जायचं, पक्कं सिद्ध केलं ते एका स्विस गणितज्ञाने, 1772 मध्ये. सरळ पद्धतीने जायचं तर 46340 पर्यंतच्या सगळ्या, म्हणजे 4,700 पेक्षा जास्त मूळ संख्यांनी भागून बघावं लागलं असतं, पण त्याने आधी दाखवलं की भाजक असलाच तर त्याला 248 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 63 च येणार. मग पहिली तपासायची मूळ संख्या थेट 311, तिने भागलं की बाकी 35, झालं, पुढची एकदम 1303. किती काम वाचलं बघा! त्यानंतरही बरीच वर्षं यापेक्षा मोठी मूळ संख्या कोणाला माहीत नव्हती.

आता लोक हा आकडा ओळखतात तो कॉम्प्युटरमुळे. 32 बिटमधला (बिट म्हणजे 0 किंवा 1 ची एक जागा) एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी ठेवला की उरतात 31, आणि त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा हाच. 1970 च्या आसपास युनिक्स या कॉम्प्युटर प्रणालीत वेळ मोजायची सोय करताना आधी सेकंदाचे साठ भाग मोजायचे, त्यात 32 बिट सव्वादोन वर्षांत भरत होते, म्हणून मग 1 जानेवारी 1970 पासून पूर्ण सेकंद मोजायचं ठरलं, आणि तेही चिन्हासकट, म्हणजे त्याआधीचा काळ उणे. यावरून वाद आजही होतात, की चिन्ह ठेवलंच नसतं तर 2106 पर्यंत चाललं असतं, उगाच अर्धी जागा घालवली. मला हे पटत नाही. आमच्या गोव्याचंच घ्या, 19 डिसेंबर 1961 ही मुक्तीची तारीख या हिशोबात उणे 25 कोटी 35 लाख 84 हजार सेकंद येते (ग्रिनिच वेळेने मध्यरात्र धरली तर). माझी आई डिचोलीची, जन्म पोर्तुगीज असतानाचा, म्हणजे तिची जन्मतारीखही उणेच. चिन्ह काढलं असतं तर या हिशोबात तिला आणि तिच्या पिढीतल्या सगळ्यांना जन्मतारीखच राहिली नसती, आणि नोंदी काय फक्त पुढच्या काळाच्या ठेवायच्या असतात का?

त्याची किंमत आहे हे खरं. 19 जानेवारी 2038 ला आपल्याकडे सकाळचे 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंद झाले की हा आकडा भरतो, आणि जी जुनी यंत्रं बदलली नसतील त्यांचा आकडा पुढच्याच सेकंदाला उलटून उणेच्या टोकाला जाईल आणि ती 14 डिसेंबर 1901 दाखवतील.

2014 मध्ये यूट्यूबवर एका कोरियन गाण्याचे व्ह्यूज इथवर पोचले तेव्हा काउंटर 64 बिटचा करावा लागला. त्याची मर्यादा 9223372036854775807, म्हणजे 2 चा 63 वा घात वजा 1. आकडा प्रचंड मोठा, पण मूळ नाही. 63 ला 3 ने भाग जातो म्हणून याला 7 ने (म्हणजे 2 चा 3 रा घात वजा 1 ने) जातो, आणि आलेल्या उत्तराला परत 7 ने जातो.